रोलरखोलीतली सावली

धुलाई कारखान्याच्या आवारात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्या पाळीच्या बायका हातातलं काम टाकून आल्या होत्या, दुसऱ्या पाळीच्या तासभर आधीच येऊन थांबल्या होत्या, आणि समोरच्या गल्लीतले रिकामटेकडे फाटकाच्या गजांवर चढून माना उंच करत होते. मधोमध एक तरुण बाई उभी होती. डोळ्यांवर दुहेरी घडीची काळी पट्टी, चेहरा उतरलेला. तिचा दंड धरून सावलीबाबा उभे होते.

"माणूस मरतो!" बाबांनी आवाज लावला. "पण सावली मरत नाही! सावलीला भूक असते, सावलीला राग असतो, सावलीला स्वतःचं घर असतं! मी या बाईला आंधळी करून फिरवतो. सावलीचं घर कुठलं, ते सावलीच सांगेल!"

सावलीबाबा गुबगुबीत, गोरेपान, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. खांद्यावर घडी केलेला छोटा टॉवेल. दर दोन वाक्यांनंतर त्याने तोंड पुसायची सवय. घाम आलेला असो वा नसो.

त्यांनी तिला आधी मळके कपडे वेगळे करायच्या खोलीत नेलं. "आहे का इथे?" बाई गप्प. मग गठ्ठे बांधायच्या खोलीत. "इथे?" गप्पच. आवाराला दोन फेऱ्या मारून, तिला दिशेचा पत्ता राहू नये म्हणून गरागरा फिरवून, बाबांनी तिला रोलरखोलीच्या उंबऱ्यावर आणलं. आत वाफेचा फुस्स आवाज चालू होता. तिचं एक पाऊल आत पडलं आणि तिचे गुडघे लटपटले. दातांवर दात आपटू लागले. तिने दोन्ही हात पुढे केले आणि किंचाळली, "ताई, हात काढ! हात काढ!"

गर्दी एकदम चार पावलं मागे सरली. कोणीतरी रडायला लागलं.

"ओळखलं सावलीने घर!" बाबा म्हणाले आणि तोंड पुसलं.

मी हे सगळं कारखान्याच्या दवाखान्याच्या दारातून पाहत होते. दवाखाना म्हणजे एक खाट, एक कपाट आणि मी. मला सगळे सिस्टर म्हणतात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकी दिवस मीच. बावीस वर्षांत रजेसाठी आणलेल्या चकरा आणि ओढूनताणून आणलेल्या कळा मी इतक्या पाहिल्या आहेत की नाटक मला दारातूनच कळतं. म्हणून तर त्या दिवशी मी गोंधळले. बाबांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण बाई नाटक करत नव्हती. मी पुढे होऊन तिची नाडी पाहिली. मिनिटाला दीडशेच्या घरात. नाडीला नाटक येत नाही.

तिला आम्ही धाकटी म्हणायचो, कारण तिची थोरली जाऊही इथेच कामाला होती. दोघी रोलरवर. रोलर म्हणजे वाफेवर तापलेले लांबलचक लोखंडी दंडगोल. एका बाजूने ओली चादर सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक इस्त्री होऊन बाहेर येते. थोरली सारायची, धाकटी पलीकडे उभी राहून घडी घालायची. त्या दुपारच्या सात आठवडे आधी एका सकाळी थोरलीची बोटं चादरीबरोबर आत ओढली गेली. रोलरच्या वरून एक लाल दोरी जाते. ती ओढली की मशीन जागच्या जागी थांबायला हवं. धाकटीने दोरी ओढली. मशीन थांबलं नाही. कोणीतरी धावत जाऊन मुख्य बटण बंद करेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पट्ट्यांचा डबा घेऊन मी आत पळाले होते. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. थोरली इस्पितळाच्या वाटेवरच गेली.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी दोरी ओढून पाहिली, रोलर पटकन थांबला. "दोरी तर ठीक आहे," ते म्हणाले. आता सगळं धाकटीच्या जबानीवर होतं, कारण दोरी ओढली तेव्हा बाकीच्यांची पाठ होती. पण धाकटी जबानी देण्याच्या अवस्थेत नव्हती. कामावर यायची, रोलरखोलीच्या दाराशी पोचायची आणि कोसळायची. बाहेर आणून बसवलं की अर्ध्या तासात माणसात यायची. रोज हेच. "हिच्या अंगात थोरली येते," अशी कुजबुज सुरू झाली, आणि एक दिवस शेठनी स्वतः गाडी पाठवून सावलीबाबांना बोलावून आणलं. कोणाच्या आजारपणात साधी चौकशी न करणाऱ्या शेठना एवढी कळकळ कशी आली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

त्या दुपारी बाबांनी थरथरणाऱ्या धाकटीच्या तोंडाशी कान नेला. ती नुसती कण्हत होती. बाबांनी त्या कण्हण्याचा अर्थ सगळ्यांना सांगितला.

"थोरली म्हणते, चूक माझीच होती! माझंच लक्ष नव्हतं! कोणाला दोष देऊ नका!"

शेठ मान खाली घालून उभे होते. दुःखी माणसाने घालावी तशीच, अगदी हुबेहूब.

आणि मग गर्दीतून थोरलीचा नवरा पुढे आला. हा कारखान्याचाच बॉयलरवाला. उंचापुरा, अबोल, बायको गेल्यापासून अर्धा झालेला. तो गुडघ्यांवर बसला आणि धाकटीचे पाय धरून म्हणाला, "बाबा, तिला विचारा. मला माफ केलं का, तेवढंच विचारा."

मला वाटलं, नवरा-बायकोचं काही भांडण राहून गेलं असेल.

बाबांनी उपाय सांगितला. सावलीला तिच्याच घरात उपाशी मारायचं. रोलर पहिल्या पाळीतच चालतात; ती सुटल्यावर धाकटीला रोज रोलरखोलीत दोन तास कोंडायचं. अन्न नाही, पाणी नाही, दाराला बाहेरून कडी. "ओरडली तरी उघडायचं नाही. ओरडते ती सावली!" धाकटीचा नवरा लांबच्या गाड्या चालवतो, तो तीन आठवडे बाहेर होता. घरात निर्णय घेणारा एकच, बॉयलरवाला. त्याने होकार दिला.

मी त्याला गाठून म्हटलं, "अहो, ती जिवंत बाई आहे. तिला काय मांजरासारखं कोंडताय?"

"सिस्टर, तुमच्या गोळ्यांनी झालं का काही?"

"गोळी द्यायची वेळच कुठे दिलीत तुम्ही?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिच्या तोंडून माझी बायको बोलते. मला ऐकायचंय." आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी माझी घरी जायची वेळ झाली होती. कपाटाला कुलूप लावत होते तेवढ्यात धाकटीला दोघींनी धरून आणलं. उजवा तळहात पांढरा पडलेला, कातडी सुटलेली. अंधारी आली तेव्हा आधारासाठी तिने हात टाकला तो थेट वाफेच्या नळीवर. आतून ती किंचाळत होती, आणि बाहेर बाबा सांगत होते, "ऐका, सावली जळतेय!" खरंच जळत होतं काहीतरी. मी पट्टी बांधत असताना तिने एकदाच तोंड उघडलं.

"सिस्टर, मी वेडी आहे का?"

"नाही."

"मग मला ताई का येते?"

"ताई येते म्हणजे काय होतं? तुला तिचा आवाज ऐकू येतो? ती दिसते?"

"नाही. ताई नाही येत. तो दिवस येतो. पाय आत ठेवला की तो दिवस सुरू होतो. छाती भरून येते, हात आपोआप वर जातात, दोरी धरायला. पण हे बाबांच्या घरी पण झालं. तिथे तर रोलर नाही."

"बाबांच्या घरी कधी नेलं तुला?"

"परवा. तिथे मी शांत बसले होते. बाबा म्हणाले, हे माझ्या वास्तूचं बळ. मग त्यांनी सावलीला हाक मारली, 'ये!' आणि मला कापरं भरलं. 'जा' म्हणाले, थांबलं. ते म्हणतील तसं होतं सिस्टर. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

मलाही वाटली. रोलरखोलीत कापणं मला समजत होतं. पण चार मैलांवरच्या घरात, नुसत्या हाकेने?

दुसऱ्या दिवशी बाबा बॉयलरवाल्याच्या घरी येणार होते. मी पट्टी बदलायच्या निमित्ताने गेले आणि कोपऱ्यात बसले. दहा-बारा शेजारी जमले होते. धाकटी खुर्चीवर, डोळे मिटून. बाबांनी तिच्याभोवती फेऱ्या सुरू केल्या. आज खांद्यावर टॉवेल नव्हता. तो त्यांनी पिशवीतून काढला, प्लॅस्टिकच्या थैलीतून, नीट गुंडाळलेला. तोंड पुसायचा टॉवेल थैलीत कशाला? "सावली, ये! घर सोड, दार सोड, माझ्या हाकेला ये!" म्हणत त्यांनी तो टॉवेल हवेत फटकारला, एकदा तिच्या तोंडासमोरून, एकदा माझ्या बाजूने.

आणि माझे हात गार पडले.

तोंडाला कोरड पडली. मला उठून पळावंसं वाटलं, का ते कळेना. समोर धाकटी थरथरत होती, लोक हात जोडत होते, आणि मी, बावीस वर्षांची नोकरी झालेली शहाणी सिस्टर, खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. क्षणभर मनात आलंच, खरंच काही आहे की काय इथे?

बाबांनी टॉवेल थैलीत टाकून तोंड बांधलं, खिडकी उघडायला सांगितली आणि "जा!" म्हणाले. हवा आली. मलाही बरं वाटलं. तेव्हा लक्षात आलं. वास. गोडसर, डोक्यात जाणारा फुलांचा खोटा वास. त्या सकाळी रोलरखोलीत तोच भरून राहिला होता.

शेठनी एका हॉटेलच्या चादरींसाठी वासाचं पाणी मागवलं होतं, शेवटच्या धुण्यात घालायचं. पहिलं पिंप अपघाताच्याच सकाळी उघडलं. अपघातानंतर हॉटेलने काम काढून घेतलं आणि पिंप कोठीत जाऊन पडलं. म्हणजे तो वास आम्ही सगळ्यांनी आयुष्यात एकाच दिवशी घेतला होता.

मी तडक कारखान्यात परतले. कोठीवाला माझा जुना पेशंट, गुडघेदुखीचा. पिंपाचं झाकण सैल होतं आणि पाणी वीतभर उतरलेलं.

"हे कोणी काढलं हो?"

"शेठनी बाटली भरून नेली. दोनदा. आपण कशाला विचारायचं?"

संध्याकाळी डॉक्टर आले. म्हातारे, तिरसट, पण ऐकून घेणारे. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या गार पडलेल्या हातांसकट.

"तुम्ही लहान मुलाला सुई देता," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी ते केव्हा रडायला लागतं?"

"स्पिरिटचा बोळा काढला की. सुई दिसायच्या आधीच."

"स्पिरिट टोचतं का?"

"नाही."

"पण सुईच्या आधी तो वास होता, एवढं त्याच्या मेंदूने टिपून ठेवलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. धोक्याची घंटा वाजवणं एवढंच त्याचं काम समजा. त्याच्या शेजारचा दुसरा भाग जागेची नोंद ठेवतो. कुठे होतो, उजेड कसा होता, जमीन कशी हादरत होती, वास कसला होता. भयंकर काही घडलं की हे दोघं मिळून सगळ्याची एकच मोट बांधतात. पुढे त्यातलं एक जरी समोर आलं, तरी घंटा वाजते. तुम्ही विचार करायच्या आधी. डोळे बांधून फिरवलं म्हणे! अहो, पायाखालची थरथर आणि तोंडावरची वाफ कोणी बांधली होती?"

"मग रोलरवरच्या बाकीच्या बायका का नाही कापत?"

"पहिले काही दिवस कापल्या असतील, कोणाला सांगितलं नसेल. त्या रोज तिथे जातात, रोज काही होत नाही, तेव्हा मेंदू त्या खोलीपुरता सैलावतो. हिला ती संधीच मिळाली नाही. उलट कोंडलं, आणि तिथेच हात भाजला. मेंदू म्हणाला, बघा, माझं खरं होतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या बाबाला हे पुस्तकातून माहीत नाही. पण माहीत आहे. असली माणसं दुसऱ्याची भीती बरोबर हेरतात."

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब जबानीसाठी येणार होते, आणि शेठनी त्याच दिवशी बाबांकडून सर्वांसमक्ष सावली काढायचा बेत ठरवला होता. हेतू उघड होता. जिच्या अंगात येतं तिच्या जबानीला कोण विचारतो? वर मेलेलीनेच चूक कबूल केलेली.

मी धाकटीला सगळं सांगितलं. काय करता येईल तेही सांगितलं, आणि त्यात तिला पुन्हा त्रास होईल हेही.

"टॉवेल कुठला ते मला सांगू नका," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

त्या दिवशी आवारात पुन्हा तशीच गर्दी. साहेब टेबलाशी कागद घेऊन बसले, शेठ त्यांच्या शेजारी. बाबांनी थैलीला हात घातला तशी मी पुढे झाले.

"बाबा, आज हा घ्या." मी कोठीतला कोरा टॉवेल पुढे केला. "बाईंच्या हाताला जखम आहे. वापरलेला कपडा जवळ आणायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"हा माझा सिद्ध टॉवेल आहे!"

"शक्ती टॉवेलात आहे की तुमच्यात?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी वर पाहिलं. "घ्या ना तो, काय बिघडलं?" बाबांनी नाइलाजाने कोरा टॉवेल घेतला.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. "सावली, ये!" बाबा गरजले. धाकटी खुर्चीवर, डोळ्यांवर पट्टी बांधून, शांत. "घर सोड, दार सोड!" टॉवेल फटाफट वाजत होता. "भुकेली ये, तहानेली ये! पुढून ये, मागून ये!" आता बाबांना खराखुरा घाम फुटला होता. पाच मिनिटं गेली. धाकटी म्हणाली, "बाबा, झालं का? माझी मान अवघडली."

लोक हसले, पण घाबरत हसले.

"इथे अविश्वासी माणसं आहेत!" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सावली बुजलीय!"

"मग मी हाक मारून बघते," मी म्हटलं. मी चार टॉवेल टेबलावर ठेवले, सगळे सारखे, सगळे ओले. तीन टॉवेलांवर नळाचं पाणी होतं, एकावर पिंपातलं. मी बॉयलरवाल्याला म्हटलं, "तुमच्या हाताने द्या, कुठलाही, कुठल्याही क्रमाने."

पहिला आला. मी तिच्यासमोर धरला आणि मोठ्याने सुरू केलं, "सतरा एके सतरा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. धाकटी शांत.

दुसरा. "सतरा दुणे चौतीस." शांत.

तिसरा टॉवेल हातात येताच मला स्वतःला कळलं, माझी बोटं गार झाली. "सतरा त्रिक एकावन्न," मी म्हटलं, आणि धाकटीचे गुडघे लटपटले. श्वास तुटू लागला. दोन्ही हात वर गेले, हवेत काहीतरी पकडायला. मी टॉवेल लगेच बादलीत टाकून झाकण लावलं, पट्टी सोडली, तिचे हात धरले. "इथे आहेस. आवारात आहेस. माझ्याकडे बघ." हळूहळू ती परतली.

"कसला मंत्र म्हटला मी?" मी गर्दीला विचारलं. "सतराचा पाढा. शाळेत पाठ केलेला. त्याने सावली येते का? मग कशाने आली? रोलरवरच्या बायकांनी पुढे या. त्या दिवशी ज्या होत्या, त्याच. जबरदस्ती नाही."

सातजणी आल्या. मी बादलीचं झाकण किलकिलं केलं. पहिलीने नाकाला हात लावला आणि रडायलाच लागली. दुसरी पांढरीफटक पडून खाली बसली. तिसरी म्हणाली, "हा तर... हा त्या दिवशीचा..." आणि पळत जाऊन भिंतीशी ओकली. उरलेल्या चौघींनी जवळ यायला नकार दिला.

"सगळ्यांच्या अंगात आली का थोरली?" मी विचारलं. "माझ्याही आली म्हणायची, माझे हात बघा. आणि आता बाबांची थैली उघडा."

बाबा थैली घेऊन फाटकाकडे वळले होते, पण कोठीवाला दुखऱ्या गुडघ्यांनिशी आडवा आला. थैली उघडली. तोच वास. साहेबांनी विचारलं, "हे पाणी यांना कोणी दिलं?" कोठीवाल्याने शेठकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि सांगितलं.

हा उलगडा इथेच संपला असता. पण धाकटी उठून उभी राहिली.

"साहेब, माझी जबानी घ्या. मी दोरी ओढली होती. दोन्ही हातांनी लोंबकळले मी. ती वर अडकलेली होती. कशाला तरी बांधलेली होती."

"दुसऱ्या दिवशी मी पाहिली तेव्हा मोकळी होती," साहेब म्हणाले.

"मग रात्रीतून कोणीतरी सोडली."

"मी सोडली," बॉयलरवाला म्हणाला.

त्याच्या हातात अजून चौथा टॉवेल होता. तो साध्या पाण्याचा होता, पण त्याने तो इतका पिळला होता की खाली थारोळं झालं होतं.

"बांधलीही मीच. दोरीला धक्का लागून मशीन सारखं थांबायचं. शेठ म्हणाले, वर तारेने बांध, चादरी वेळेवर जायच्यात. मी बांधली. आणि ती गेल्यावर म्हणाले, सोड, नाहीतर तूच आत जाशील." तो धाकटीकडे वळला. "तू दोरी ओढलीस हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने माफ केलं, एवढं कोणाच्या तरी तोंडून मला ऐकायचं होतं."

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "माझा हात भाजत होता तेव्हा तुम्ही दाराबाहेर होतात."



पुढचं थोडक्यात सांगते. शेठवर खटला उभा राहिला, अजून चालू आहे. बॉयलरवाल्याचं नाव त्याच खटल्यात आहे, आणि त्याने वकील घ्यायलाही नकार दिला. रोलरला जाळी बसली, दोरीच्या जागी दाबायचं बटण आलं. सावलीबाबांना त्या दिवशी पोलिसांनी नेलं, पण महिन्याभरात ते सुटले. दोन गावं पलीकडे त्यांच्याकडे पुन्हा गर्दी होते असं ऐकते. तिथे सिस्टर आहे की नाही, मला माहीत नाही.

धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. घडी घालणं आता तिला जमत नाही. तिचं कापरं एका दिवसात गेलं नाही, तसं ते जातही नाही. डॉक्टरांनी इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे तिने तो वास थोडा थोडा, स्वतःच्या मर्जीने घेतला, आणि महिनाभरात तो सोसायला लागला. आम्ही आनंदलो. मग ती कारखान्यात आली आणि दारातच पुन्हा कोसळली. बाईंनी समजावलं, मेंदू जुनी नोंद पुसत नाही, शेजारी नवी लिहितो, आणि ती ज्या जागी लिहिली त्या जागेपुरतीच आधी खरी मानतो. म्हणून सगळं पुन्हा, इथे, पहिल्यापासून. आधी फाटक. मग आवार. मग बंद मशीनची रोलरखोली, दार सताड उघडं, मी सोबत. गेल्या आठवड्यात ती मशीन चालू असताना अकरा मिनिटं आत उभी राहिली. घाम फुटला, रडली, पण उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "सिस्टर, आज आत ताईची आठवण आली. नुसती आठवण. ती गाणं म्हणत चादर सारायची, ते." सात महिन्यांत धाकटीला आपल्या जावेसाठी धड रडताही आलं नव्हतं.

तुमच्या घरात, शेजारात कोणी असं एखाद्या जागी, एखाद्या वासाने, आवाजाने कापायला लागलं, तर कृपा करून त्याला बांधू नका, कोंडू नका, उपाशी ठेवू नका. त्याच्या तोंडून कोण बोलतंय हे कोणा बाबाला विचारू नका. त्यालाच विचारा, तुझ्यावर इथे काय गुदरलं? उत्तर येईपर्यंत जवळ बसा, आणि मग डॉक्टरकडे घेऊन जा. आणि कोणी म्हणालाच की ही मेलेल्याची सावली आहे, तर दोन गोष्टी तपासा. त्याच्या पिशवीत काय आहे, आणि त्याला गाडी कोणी पाठवली.